मशीन मुतली का?

काकांच्या माघारी देवबागच्या घरातून माझ्या वाट्याला एक होडी आणि एक मशीन आली. मशीन म्हणजे होडीच्या पाठीला अडकवायचं आउटबोर्ड इंजिन. आठ हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक, वजन सुमारे 27 किलो. पाच वर्षं ती मांगरात गोणपाट पांघरून पडली होती. ‘यंदा नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घालायचीच,’ असं मी मे महिन्यात बायकोला सांगितलं. ती ‘बरं’ म्हणाली. आमच्याकडे ‘बरं’चा अर्थ ‘बघू किती दिवस’ असा असतो.

गोणपाट काढलं, दोरी धरली आणि ओढली. आली नाही. भिंतीला पाय लावून ओढली. खांद्यात काहीतरी कटकन वाजलं, मशीन मात्र गप्प. शेजारचे तात्या पडवीतून ओरडले, “मेल्या, पाच वर्सां उपाशी आसा ती! आधी तेल पाज.”

तात्यांचं म्हणणं बरोबर होतं. कोरड्या सिलिंडरात पिस्टन रेटला तर रिंगा ओरखडे काढतात. मग प्लग काढून दोन्ही भोकांत चमचा चमचा तेल सोडलं आणि रात्रभर पडू दिलं. सकाळी दोरी मऊ आली. तोवर वाडीभर बातमी गेली होती. आजाऱ्याला बघायला यावं तशी माणसं येऊ लागली. प्रत्येकाच्या ओळखीत याच दुखण्याची एक मशीन होती आणि बहुतेक शेवटी भंगारात गेल्या होत्या.

काकांनी टाकीत पेट्रोल तसंच ठेवलं होतं. आता त्याचा रंग काकवीचा आणि वास वार्निशचा. हल्लीच्या पेट्रोलचं तर विचारूच नका, त्यात 20 टक्के इथेनॉल आणि इथेनॉल ओलावा ओढून घेतं. पण जिथे बरणीतलं मीठ पाघळतं, तिथे त्याला एकट्याला काय बोलायचं? कार्बोरेटर उघडला तर आतल्या जेटचं भोक सुईच्या नेढ्याहून बारीक आणि तेही बुजलेलं. मी फुंकर मारत असताना एक स्प्रिंग उडाली ती थेट अंगणात वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांत. काकीने एकेक सोल चिवडून ती शोधून दिली. माझ्यावरच्या मायेपोटी नव्हे, कढीत लोखंड नको म्हणून.

एवढं झाल्यावर मी शहाणा झालो आणि मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी खालचा स्क्रू सैल करून गिअरचं तेल बोटावर घेतलं आणि माझ्या नाकाखाली धरलं. रंग थेट दुधाच्या चहाचा. म्हणजे सील गेलेलं, आत पाणी शिरलेलं. मग बोल्ट. ॲल्युमिनियमच्या अंगात स्टीलचा बोल्ट आणि वर खारं पाणी, या तिघांचं एकदा जमलं की घटस्फोट होत नाही. एक बोल्ट मानेतच तुटला. मिस्त्रींनी तेव्हा उच्चारलेला शब्द काकीने ऐकला नाही असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं. आत पाणी खेचणारा इम्पेलर होता. एसटीत उभ्याउभ्या झोपलेल्या प्रवाशांसारख्या त्याच्या रबरी पात्या एका कुशीवर कलंडून तशाच ताठरल्या होत्या. नवा इम्पेलर आणि नवं सील मालवणातून आलं. किंमत मी बायकोला निम्मी सांगितली.

शेवटी अंगणात पाण्याने भरलेला ड्रम, त्यात मशीनचे पाय. टाकीत नवं पेट्रोल, त्यात लिटरला 20 मिली तेल, ते मी खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजलं. दोरी ओढली. एक, दोन, पंधरा. मिस्त्री बिडी ओढत शांतपणे म्हणाले, “ती तांबडी क्लिप लावलास?” ती लावली नाही तर ठिणगीच पडत नाही. क्लिप माझ्याच खिशात होती.

सोळाव्या ओढीला मशीन खोकली आणि निळा धूर सोडत भडाभडा सुरू झाली. मी नाचणार तेवढ्यात मिस्त्री ओरडले, “मुतता काय बघ!”

मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार यायला हवी. ती आली तर थंडावा फिरतोय, नाही तर मशीन तापून आवळते. आम्ही सगळे वाकलो. धार नाही. मिस्त्रींनी झटक्यात मशीन बंद केली. नवा इम्पेलर, नवं सील आणि तरी कोरडी! मग त्यांनी भोकात तार घातली आणि बाहेर आली माती. कुंभारीण माशीने आत घर बांधलं होतं, चांगलं लिंपून, पक्कं.

पुन्हा दोरी. दुसऱ्याच ओढीला सुरू. आधी एक थेंब, मग दोन, मग सणसणीत धार, थेट माझ्या पँटीवर. “झाली! झाली!” काकी टाळ्या पिटू लागली. मिस्त्री हसले. बायको चक्क ‘वा’ म्हणाली.

तात्या मात्र पडवीत एका हाताने खांब धरून उभे होते. गेल्याच महिन्यात त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. बराच वेळ ते त्या धारेकडे एकटक बघत राहिले.

“नशीबवान आसा,” ते म्हणाले. “माका अशी कधी होतली?”