गोळी आणि क्वार्टर

आज जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता आमच्यातला एक चांगला शिकला-सवरलेला माणूस म्हणाला, "एचआयव्हीवाल्यांना सरकार फुकट गोळ्या देतं आणि हे वर दारू ढोसतात, अशांच्या गोळ्याच बंद केल्या पाहिजेत." आणि टेबलावरच्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. एकानं तर "टॅक्स आपण भरायचा" पण जोडलं. मी तिथं काही बोललो नाही कारण बोललो असतो तर भांडण झालं असतं आणि दुसरं म्हणजे "तुला कसं काय एवढं माहीत" हा प्रश्न आला असता. म्हणून इथं लिहितोय. माझ्या लिस्टमधल्या लोकांना माणुसकी वगैरे शिकवायची गरज नाही, पण ही एक गोष्ट तुमच्यातल्याही बऱ्याच जणांना माहीत नसणार.

माझ्या अगदी जवळचा एक माणूस आहे. नाव, नातं, गाव काहीच सांगणार नाही, अण्णा म्हणू. लिहितोय ते त्याला विचारूनच. अण्णा ट्रकवर ड्रायव्हर होता, मुंबई-बेंगलोर लाईन. पॉझिटिव्ह आहे त्याला बरीच वर्षं झाली. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या चालू, महिन्याच्या महिन्याला सेंटरला जाणार, कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवणार. आणि शनिवारी संध्याकाळी क्वार्टर. कधी दोन.

आता त्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं, की दारू पोटात असताना गोळी घेतली की लिव्हर खलास. कुणी सांगितलं ते त्यालाही आठवत नाही, रांगेतला पेशंट असेल नाहीतर आतलं कुणी असेल. अण्णानं ते मनावर घेतलं. पण अर्धंच. दारू सोडली नाही, गोळी सोडली! शनिवारी प्यायचा आहे ना, मग शनिवारची गोळी नाही. रविवारी पाहुणे आले, थोडी झाली, रविवारचीही नाही. महिनाअखेर बाटलीत सात-आठ गोळ्या उरायच्या. सेंटरला उरलेल्या गोळ्या मोजतात हे माहीत असल्यामुळे हा पठ्ठ्या जायच्या आदल्या रात्री त्या मोरीत ओतायचा, वरून तांब्याभर पाणी. हिशोब चोख! कार्डावर सगळं उत्तम आणि आत व्हायरस मजेत.

हे मला कळलं तेव्हा मी त्याच्यावर भयंकर ओरडलो होतो. आज लिहिताना राग त्याच्यावर येत नाहीये.

राग येतो तो आपल्या त्या एका ठरलेल्या वाक्यावर. "दारू बंद करा." बस. पुढं काही नाही. प्यायचीच वेळ आली तर गोळीचं काय करायचं हे कुणी सांगतच नाही, कारण सांगितलं तर परवानगी दिल्यासारखं वाटतं म्हणे. अरे परवानगी मागतोय कोण? तो पिणारच आहे. प्रश्न एवढाच की गोळी पोटात जाणार की मोरीत. आता सरकारी सेंटरला बहुतेकांना जी टीएलडी मिळते, तीन औषधांची मिळून दिवसाला एक गोळी, तिचं आणि दारूचं थेट वैर नाहीये. प्यायलात तरी गोळी घ्या, चुकवू नका, हे एवढं साधं वाक्य आहे. उलट दुसऱ्या दिवशी अ‍ॅसिडिटी झाली म्हणून जी गोळी नाहीतर पातळ औषध घेतात ना, त्यातल्या अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियममुळे टीएलडीतलं डोल्युटेग्रॅविर हे औषध अंगात नीट शोषलं जात नाही, त्यासाठी मध्ये तासांचं अंतर ठेवावं लागतं. हे अण्णाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

बरं बरं, कळतंय, तुमची बोटं शिवशिवायला लागली असतील. दारू वाईटच. टीबी होऊ नये म्हणून सहा महिने जी गोळी देतात तिच्याबरोबर दारू लिव्हरला खरंच धोक्याची आहे, कावीळ बी-सी असेल तर विषयच संपला, आणि नशेत माणूस गोळी विसरतो, कंडोमही विसरतो. वहिनी पगाराच्या पैशावरून त्याच्याशी भांडतात तेही शंभर टक्के बरोबर आहे. मान्य. पुढं.

पुढं असं झालं की अण्णाचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या व्हायरसचं प्रमाण, आला हजाराच्या वर. बरंच वर. घाबरला. पहिल्यांदा गप्प बसला, मग तिथल्या काउन्सेलर मॅडमनी त्याला विचारलं, "शनिवारी साधारण किती वाजता बसता?" पिता का असं विचारलंच नाही. किती वाजता बसता! अण्णा म्हणतो, इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, मी आपला सांगून मोकळा झालो, मोरीचं पण सांगितलं. मॅडमनी फक्त विचारलं, गोळी रात्रीच का घेता? तर उत्तर काय, पहिल्यापासून सवय. आधीच्या गोळीत एफाविरेंझ नावाचं औषध असायचं, त्यानं चक्कर येते, विचित्र स्वप्नं पडतात, म्हणून ती झोपताना घ्यायची असायची. गोळी बदलली, वेळ तीच राहिली, आणि ती वेळ नेमकी ग्लासाची. मॅडम म्हणाल्या, सकाळच्या चहाला घ्या.

तेवढंच. सकाळच्या चहाला. लेबल खरवडून काढलेली ती पांढरी बाटली आता साखरेच्या डब्यामागे असते, वहिनी कप ठेवतात आणि बाटली ठेवतात. शनिवारीसुद्धा. पुढच्या तपासणीत लोड हजाराच्या खाली, त्याच्या पुढच्याला तर मशीनला सापडलाच नाही. क्वार्टर चालू आहे अजून, मी खोटं कशाला सांगू.

त्या मॅडम कंत्राटी आहेत. बाहेर रांग ही एवढी, रजिस्टरं भरायची, फोन करून न आलेल्यांना बोलवायचं. मघाशी मी जे तावातावानं लिहिलं ते अशांना उद्देशून नव्हतं. दहा मिनिटं एका दारुड्याजवळ बसायला त्यांना कुणी वेळ देत नाही, तरी त्यांनी काढला.

आणि टॅक्सवाल्यांनो, २००४ पासून सरकार ह्या गोळ्या फुकट देतंय ते काय चांगल्या चालीरीतीचं बक्षीस म्हणून नाही. लोड दबलेला राहिला की त्या माणसाकडून संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हे आता जगभर मान्य आहे. पिणाऱ्याची गोळी बंद केलीत तर भोगणार कोण? त्याची बायको. डायबिटीसवाला लग्नात जिलेब्या हाणतो म्हणून त्याचं इन्सुलिन काढून घ्या असं म्हणालात का कधी? मग इथंच का सुचतं? कारण मनात कुठंतरी "स्वतःच्या कर्मानं" हे आहेच. बोलून दाखवा ना सरळ.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ ला सुरू झालं. म्हणजे दारूचं व्यसन हा आजार आहे हे महाराष्ट्र इतकी वर्षं ऐकतोय. पण दोन आजार एका माणसात आले की आपली सगळी समजूत संपते. मागच्या वर्षी अण्णा स्वतःहून म्हणाला, बघू सोडून. त्याला घेऊन एका व्यसनमुक्ती केंद्रात गेलो, नाव घेत नाही. फॉर्म भरला, गोळ्यांबद्दल विचारलं, ह्यानं खरं सांगितलं. तर म्हणे बेड नाही, आधी तुमच्या डॉक्टरांचं लिहून आणा, मग बघू. पाच मिनिटांपूर्वी बेड होता! २०१७ चा कायदा आहे, एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, हे मी त्यांना सांगायला लागलो तर अण्णानंच माझा हात धरला. चल म्हणाला, तमाशा नको. त्या संध्याकाळी वार शनिवार नव्हता तरी प्यायला.

परवा पुन्हा विषय काढलाय त्यानं. तेव्हा सांगली-कोल्हापूर-पुणे बाजूला असं एखादं केंद्र कुणाच्या खात्रीच्या माहितीत असेल, जिथं पॉझिटिव्ह माणसाला सरळ ठेवून घेतात आणि सकाळची गोळी त्याची त्याला घेऊ देतात, तर मला इनबॉक्सला सांगा. कमेंटमध्ये नको, त्याच्या गावचे लोक आहेत माझ्या लिस्टमध्ये.