मामाचा शर्ट

आज इन्व्हर्टरची जुनी बॅटरी द्यायला गेलो होतो. दुकानामागं पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं छिन्नी-हातोडीनं बॅटऱ्या फोडत बसलेलं. ॲसिड सरळ गटारात, शिशाच्या काळ्या प्लेटा उघड्या हातानं गोणीत. आणि त्याच हातानं वडापाव! म्हटलं, "अरे लेका, हात तरी धू." हसला. "काय होत नाय काका, सवय हाय."

सवय माझ्या मामालाही होती.

मामा बॅटरीच्या दुकानात शिसं वितळवायचा. संध्याकाळी आला की त्याच खाकी शर्टानं आम्हाला उचलून घ्यायचा. शर्टावरची करडी धूळ म्हणजे शिसं, हे कुणाला माहीत? आम्ही त्या शर्टाला नाक पुसायचो. मामी तो आमच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजवायची. तिला तरी काय बोलणार, सोलापूरचं पाणी, नळ चार दिवसांनी यायचा.

मग त्याच्या पोटात कळा सुरू झाल्या. ॲसिडिटीच्या गोळ्या. रक्त कमी, म्हणून टॉनिक. शेवटी मनगट लुळं पडलं, चहाचा कप धरता येईना. "काम काय करता?" हे एकाही डॉक्टरनं विचारलं नाही. एकाही!! रक्तातलं शिसं तपासता येतं, हे मला तो गेल्यावर कळलं. शिशानंच गेला असं म्हणत नाही, बिडीही होती.

पेट्रोलमधलं शिसं २००० साली गेलं. घराच्या रंगात ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या वर शिसं चालत नाही. जुन्या बॅटऱ्यांचे नियम २००१ चे, नवे २०२२ चे. छान. त्या पोराला कुणी वाचून दाखवले?

मान्य, जुनं शिसं पुन्हा वापरात यायलाच हवं, आणि त्याच्या घरची चूल त्यावरच पेटते. पण हातमोजे काय सोन्याचे येतात?

आणि मी तरी कोण मोठा? पावतीवाल्या डीलरपेक्षा चार पैसे जास्त मिळतात म्हणूनच तिथं गेलो होतो. बॅटरी परत आणलीय, डिकीत पडलीय.

निघताना विचारलं, घरी लहान कोण आहे का रे? "बहीण हाय, दोन वर्षांची. गेलो की आधी कडेवर घ्यावं लागतंय तिला."

लहान पोरांच्या अंगात गिळलेलं शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट जास्त भिनतं. त्याला हे सांगायला तोंडच उघडेना माझं. मामाचा शर्टच दिसत होता.

उद्या हातमोजे, साबण आणि एक जादा शर्ट घेऊन जातोय. मालक शिव्या देईल, देऊ दे. कोण येतंय?