मग सातबारा कुणाच्या नावावर?

मार्चमध्ये आमच्या कॅलिफोर्नियातल्या घराच्या टपालपेटीत काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, नियोजन विभागाचं एक पाकीट पडलं. घरपट्टीचं काहीतरी असेल म्हणून मी बाजूला ठेवलं होतं, बायकोनं फोडलं. आमच्या घरामागे ओकच्या झाडांचं माळरान आहे. तिथे पंचावन्न वर्षांवरच्या लोकांसाठी शंभरेक ‘मॅन्युफॅक्चर्ड’, म्हणजे कारखान्यात तयार झालेल्या, घरांची वसाहत करायचा प्रस्ताव आला आहे, संध्याकाळी सहा वाजता सुनावणी आहे, यायचं तर या, नाहीतर लिहून कळवा, असा मजकूर होता. कॅलिफोर्नियात अशा सुनावणीची पत्रं प्रस्तावित जागेपासून 300 फुटांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे त्यांना निदान 10 दिवस आधी जावी लागतात, तसा कायदाच आहे. त्या 300 फुटांत आम्ही कसेबसे बसतो.

आता खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो घराच्या किमतीचा. दुसरा, मागच्या ओट्यावरून दिसणारी हरणं जाणार याचा. म्हातारी माणसं तिसऱ्या क्रमांकावर आली, तीही बायकोनं आठवण करून दिली म्हणून.

पण त्या पाकिटाचं मला कौतुक वाटलं, तेही खरं. कोथरूडला आईच्या सोसायटीसमोरचा रस्ता रुंद होणार हे तिला कळलं ते एका माणसानं कंपाउंडच्या भिंतीवर लाल रंगानं खूण करून ठेवली तेव्हा. आपल्याकडे हरकती-सूचनांचा कायदा नाही असं थोडंच आहे? 1966 च्या नगररचना कायद्यात आराखडा प्रसिद्ध करा, हरकती मागवा, सुनावणी घ्या, सगळं लिहिलेलं आहे. लोक हरकती घेतातही, ढिगानं. मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा 2015 मध्ये असा चुकांनी भरलेला निघाला की मुख्यमंत्र्यांना तो रद्द करून दुरुस्त करायला सांगावं लागलं. अडचण अशी की वर्तमानपत्रातली जाहिरात आणि महापालिकेतला नकाशा यांच्यावर आपण कळवण्याची जबाबदारी सोडून देतो. ज्याच्या दारासमोर खणणार त्याच्या नावानं पत्र जात नाही.

तर मी सुनावणीला गेलो. जायच्या आधी ही घरं काय असतात ते वाचलं, कारण मला वाटत होतं असं घर म्हणजे ट्रेलर, गाडीला जोडून ओढायचा डबा. तसं ते पूर्वी होतं. 15 जून 1976 पासून मात्र अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याची संहिता लागू झाली, आणि त्यानंतरचं प्रत्येक घर कारखान्यात तपासून, बाहेरच्या अंगाला लाल धातूची एक पट्टी ठोकून बाहेर पडतं. पोलादी सांगाड्यावर बांधलेलं अख्खं घर, मोठं असेल तर दोन भागांत, ट्रकवरून येतं आणि जागेवर जोडतात. आत गेलात तर दोन बेडरूम, स्वयंपाकघर, धुण्याचं यंत्र, सगळं असतं. जागेवर बांधलेल्या घरापेक्षा बरंच स्वस्त पडतं. कॅलिफोर्नियासारख्या महागड्या राज्यात नुसत्या पेन्शनवर जगणाऱ्याला स्वतःचं म्हणता येईल असं दुसरं घर सापडणं अवघड आहे.

पंचावन्नची अटही मला आधी भेदभावासारखी वाटली होती. मुलंबाळं असलेल्या कुटुंबाला घर नाकारता येणार नाही, असं अमेरिकेचा कायदा 1988 पासून सांगतो. ज्येष्ठांच्या वसाहतींना त्यातून सूट आहे, पण मोकाट नाही. 1995 च्या दुरुस्तीप्रमाणे वसलेल्या घरांपैकी निदान 80 टक्के घरांत एक तरी माणूस पंचावन्नचा किंवा त्यावरचा लागतो आणि वयाचे पुरावे तपासून ठेवावे लागतात.

सभागृह भरलं होतं. प्रत्येकाला तीन मिनिटं. समोर हिरवा, पिवळा, लाल दिवा. लाल लागला की माणूस अर्ध्या वाक्यात गप्प बसतो. हे पाहून मला आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभा आठवल्या आणि पहिल्यांदा देशाटन कामी आल्यासारखं वाटलं.

पहिल्या दहा वक्त्यांपैकी सात जण वाहतुकीवर बोलले. वाहतुकीचा अहवाल सगळ्यांच्या हातात होता, ज्येष्ठांच्या वसाहतीतून दर घरटी गाड्यांच्या फेऱ्या इतर वसाहतींपेक्षा कमी होतात असं त्यात लिहिलेलं होतं, तरी बोलले. एकानं ‘परिसराचं स्वरूप’ हा शब्द इतक्यांदा वापरला की शेवटी त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. आमच्या मराठी मंडळातले एक गृहस्थही उठले. संस्कृती, कुटुंब, ज्येष्ठांचा मान वगैरे बोलून झाल्यावर तेही हळूच मालमत्तेच्या किमतीवर आले. मला हसण्याचा अधिकार नव्हता, ओट्यावरची हरणं माझ्याही डोक्यात होतीच.

एक हरकत मात्र खरीखुरी होती. आमच्या भागात उन्हाळ्यात डोंगर पेटतात. त्या माळरानावर जायला एकच रस्ता आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये इथून उत्तरेला पॅरडाइज गाव जळालं, 85 माणसं गेली, त्यातली बहुतेक साठीच्या पुढची. बाहेर पडायच्या रस्त्यांवर गाड्या अडकल्या होत्या. आगीच्या पट्ट्यात म्हाताऱ्यांची वसाहत वसवायची आणि दुसरा रस्ता द्यायचा नाही, हे कुणीही मान्य करू नये. अग्निशमन दलाच्या माणसानं दोन वाक्यांत हे सांगितलं आणि बसला. दिवा पिवळाही झाला नव्हता.

मग ती बाई उठली जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो. वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर शाळेची बस चालवलेली. गावाच्या दुसऱ्या टोकाला अशाच एका जुन्या वसाहतीत राहते. तिच्या हातात रबरबँड लावलेला कागदांचा गठ्ठा होता. तिचं घर तिच्या मालकीचं आहे, पैसे कधीच फिटले आहेत. घराखालची जागा मात्र वसाहतीच्या मालकाची, आणि त्या जागेचं ती दर महिन्याला भाडं भरते. मालक बदलला. नव्या मालकानं भाडं वाढवलं, मग पुन्हा वाढवलं. गठ्ठ्यात त्या वाढींच्या नोटिसा होत्या, वर्षवार लावलेल्या. कायद्याप्रमाणे 90 दिवस आधी लेखी कळवायचं असतं, ते मालकानं चोख पाळलं होतं. “चाकावर आणलेलं घर आहे, परवडत नसेल तर घेऊन जा म्हणतात,” ती म्हणाली. “तीस वर्षांचं घर उचललं तर त्याचं काय उरेल? आणि ठेवू कुठे?”

सुनावणी घेणाऱ्या नियोजन आयोगाच्या अध्यक्षांनी अतिशय सभ्यपणे सांगितलं की तुमचा मुद्दा समजला, पण भाडं हा या आयोगाच्या कक्षेतला विषय नाही. आयोग जमिनीच्या वापराचा विचार करतो. लाल दिवा लागला. तिनं गठ्ठ्याला रबरबँड लावलं आणि जागेवर येऊन बसली. माझ्या शेजारीच.

घरी येऊन मी पुन्हा वाचायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की त्या बाईनं तिच्या जुन्या वसाहतीबद्दल सांगितलं त्याहून नव्या वसाहतीतली परिस्थिती वाईट असेल. कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच शहरांनी आणि काउंट्यांनी अशा जागाभाड्याला लगाम घालणारे स्थानिक नियम केले आहेत. पण नव्यानं बांधलेल्या वसाहतीला, 2022 च्या कायद्याप्रमाणे, पहिली 15 वर्षं ते नियम लागू होत नाहीत. सत्तराव्या वर्षी साठवलेला पैसा घालून घर घेतलेला माणूस पंच्याऐंशीचा होईपर्यंत मालकाच्या मर्जीवर. शिवाय कायमच्या पायावर बसवलेलं नसेल तर अशा घराची नोंद जमिनीबरोबर होत नाही, गाडीच्या आरसी बुकासारखा त्याचा वेगळा कागद असतो. त्यामुळे कर्जही चढ्या व्याजानं मिळतं.

रविवारी आईला फोनवर हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. घर किती मोठं, स्वयंपाकघराचा ओटा कसा, देवघराला जागा आहे का, हे विचारून झालं. मग म्हणाली, “ते सगळं राहू दे. सातबारा कुणाच्या नावावर?”

तिचा हा प्रश्न आयोगाच्या पाच सदस्यांपैकी कुणी विचारला नव्हता. आईला तो सुचला, कारण ती चाळीस वर्षं त्याच प्रश्नावर बसून आहे. तिची इमारत ऐंशीच्या दशकातली, तीन मजली, लिफ्ट नाही. तिचे गुडघे गेल्यापासून भाजीवाला खालून हाक मारतो आणि ती दोरीला पिशवी बांधून सोडते. इमारतीचा पुनर्विकास व्हावा असं सगळ्यांना वाटतं. 2019 च्या शासन निर्णयानं त्यासाठी 51 टक्के संमती पुरते, आणि संमती केव्हाच झाली आहे. घोडं अडलंय ते कन्व्हेयन्सवर. सोसायटी स्थापन झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरनं जमीन तिच्या नावे करून द्यायची, हे 1963 च्या मोफा, म्हणजे फ्लॅट मालकीच्या, कायद्याखालच्या नियमांत आहे. बिल्डरनं केली नाही. तो वारला, जमीन त्याच्या मुलांच्या नावावर लागली, आणि आता मुलं ‘आमचाही हिस्सा बघा’ म्हणतायत. आई सोसायटीची खजिनदार. 2008 च्या दुरुस्तीनं डीम्ड कन्व्हेयन्सची, म्हणजे बिल्डरनं सही केली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावे होण्याची, सोय झाली, म्हणून जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज आहे. त्याच्या तारखांना ती रिक्षा करून जाते. तिच्याकडेही गठ्ठा आहे. रबरबँडऐवजी नाडीची फाईल, एवढाच फरक.

आणि आपल्याकडे चर्चा कशाची चालते? माझ्या शाळेच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दर गणपतीत एक वाद ठरलेला असतो. कुणीतरी ज्येष्ठांच्या नव्या प्रकल्पाची जाहिरात टाकतं, हिरवळ, योगवर्ग, दारात अॅम्ब्युलन्स. लगेच दुसरा लिहितो की वृद्धाश्रम ही पाश्चात्त्य कीड आहे. तिसरा माझ्यासारख्या परदेशात बसलेल्यांना टोला मारतो, आणि तो मला लागतोही. दोनशे संदेश होतात. त्यात आईबापांना कोण पाणी देणार हा प्रश्न असतो, आईबाप ज्या जमिनीवर उभे आहेत ती कुणाची, हा नसतो. इथे वाहतुकीनं जे झाकलं जातं ते तिथे संस्कारांनी झाकलं जातं.

पुण्यातले असे प्रकल्प मी चांगले-वाईट दोन्ही पाहिले आहेत, दर भेटीला आईला घेऊन एखादा बघतोच. महारेरानं, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकानं, 2024 मध्ये त्यांच्यासाठी नियमावली आणली, ती चांगली आहे: चाकाची खुर्ची जाईल असं 900 मिलिमीटरचं दार, उंबरा नको, न्हाणीघरात धरायला दांडे. विक्रीवाली मुलगी टेप लावून दार मोजून दाखवते. मी तिला विचारतो, हे विकत आहे की डिपॉझिटवर? जमिनीचं कन्व्हेयन्स कुणाला आणि केव्हा? महिन्याचा सेवाखर्च वाढवायचा अधिकार कुणाचा, आणि आम्ही नाही म्हटलं तर? ती म्हणते, सर, ते आमचे लीगलवाले सांगतील. आई मध्येच म्हणते, “दार चांगलं आहे गं.” तिला त्या मुलीचं वाईट वाटतं.

अमेरिकेत यावर एक तोड सापडली आहे आणि गंमत म्हणजे ती आपल्याला पाठ आहे. 1984 मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या मेरेडिथ गावात अशा एका वसाहतीतल्या रहिवाशांनी सहकारी संस्था काढून खालची जमीनच विकत घेतली. तेव्हापासून देशभर कितीतरी वसाहतींनी तेच केलं. हे मी मंडळातल्या त्या गृहस्थांना सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणजे आपली हाउसिंग सोसायटी!” अगदी तीच. जी आपण गल्लोगल्ली काढली आणि जिच्या पायाखालची जमीन नावावर करून घ्यायची राहूनच गेली.

मला विचाराल तर मागच्या माळरानावर ही वसाहत व्हावी. हरणं जातील, जाऊ देत. पण दुसरा रस्ता आधी हवा, आणि जागाभाडं किती वाढेल याची वर्षवार मर्यादा विकासकानं काउंटीबरोबरच्या करारात लिहून द्यावी, निदान त्या 15 वर्षांसाठी. आयोग ते लादू शकत नाही हे कळलं. विकासक स्वतःहून देऊ शकतो, आणि त्याला आत्ता मंजुरी हवी आहे, म्हणजे मागायची वेळ हीच. हे मी लेखी दिलं आहे. आईच्या शिकवणीप्रमाणे पोच घेतली आहे.

सुनावणी तहकूब झाली. पुढची तारीख पुढच्या महिन्यात, पुन्हा संध्याकाळी सहाला. सभागृहातून बाहेर पडताना ती बाई पार्किंगमध्ये एकटीच उभी दिसली, भाचीची वाट बघत. अंधार पडल्यावर ती गाडी चालवत नाही, तिच्या वसाहतीतलं जवळजवळ कुणीच चालवत नाही, म्हणून सुनावणीला कुणी येत नाही. मी म्हटलं, पुढच्या वेळी मी न्यायला येतो. तिनं मागच्या सीटवर किती जण बसतील ते विचारलं. तीन म्हटल्यावर बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, दोन फेऱ्या कराव्या लागतील.