"टोळी उतरलीये" वाला मेसेज परत आलाय, म्हणून हे लिहितेय

परवा रात्री साडेदहाला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पडला. तुमच्याकडेही आला असेलच. "सावधान!! आपल्या जिल्ह्यात मुलं पळवणारी 40-50 जणांची टोळी उतरली आहे. साधू, भंगारवाले, भांडीवाल्या बायका अशा वेषात फिरतात. मुलांना बेशुद्ध करून किडन्या काढतात. पोलीस बातमी दाबत आहेत. दिसले की पकडा. सोबतचा व्हिडिओ बघा. प्रत्येक आईबापापर्यंत पोचवा." खाली हात जोडलेल्यांची रांग आणि एकाचं "उद्यापासून गेट बंद". माझी लेक तिसरीत आहे, वाचून पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू. पण मग आठवलं की 2018 मध्ये पण जवळजवळ हेच वाचलं होतं, फक्त जिल्ह्याचं नाव दुसरं होतं.

आधी व्हिडिओ, कारण सगळे "डोळ्यांनी बघितलं" म्हणतायत. गल्लीत पोरं क्रिकेट खेळतायत, बाईकवर दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि सुसाट जातात. हा व्हिडिओ कराचीचा आहे. तिथल्या एका संस्थेने पालकांना सावध करायला मुद्दाम शूट केलेला, आणि मूळ व्हिडिओत तेच दोघं बाईक फिरवून परत येतात, पोराला खाली उतरवतात आणि हातात बोर्ड धरून दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला. बस, एवढंच केलं. 2018 मध्ये ह्याच्याबरोबर मेलेल्या लहान मुलांचे फोटो पण फिरत होते, ते निघाले सीरियातले, 2013 च्या विषारी वायूच्या हल्ल्यातले. त्या मुलांच्या आईबापांना काय माहीत की आपल्या लेकरांचे फोटो मालेगाव-धुळ्यात कुणाच्या तरी जिवावर उठणारेत.

किडनीचं तर मला हसावं की रडावं कळत नाही. माझ्या मावसभावाची ट्रान्सप्लांट झालीये. रक्तगट जुळवा, टिश्यू जुळवा, क्रॉसमॅच करा, डॉक्टरांची अख्खी टीम, ऑपरेशन थिएटर, काढलेली किडनी बर्फात आणि तीही तासांच्या हिशोबात बसवायची, वर परवानगी देणाऱ्या कमिटीचे कागद वेगळे. आमच्या घरची माणसं फायली घेऊन किती खेटे घालत होती ते मी बघितलंय. किडनीचे काळे धंदे होतात, नाही असं नाही, पण ते गरिबाला पैशाचं आमिष दाखवून आणि खोटी कागदपत्रं करून, हॉस्पिटलच्या आत होतात. भंगारवाल्याच्या हातगाडीवर होत नाहीत.

"आकडे बघा ना ताई, दरवर्षी हजारो मुलांच्या अपहरणाच्या केसेस आहेत." आहेत. आता त्या कशा लिहिल्या जातात ते बघा. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की नुसती नोंद करून बसायचं नाही, थेट एफआयआर. म्हणून अठराच्या आतलं कुणीही घरातून गेलं की अपहरणाचं कलम लागतं. बाप ओरडला म्हणून निघून गेलेला दहावीतला मुलगा, कुणाबरोबर पळून गेलेली सतरा वर्षांची मुलगी, सगळे त्याच आकड्यात, आणि त्यातली बरीच मुलं सापडतातसुद्धा. नियम चांगलाच आहे, आधी पोलीस "येईल दोन दिवसांनी" म्हणून वाटेला लावायचे. मुलांची तस्करीही होते, नाकारत नाहीये मी, पण बऱ्याचदा ती "कामाला लावतो", "लग्न लावून देतो" म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून होते. आणि आकडेच पाहिजेत तर एनसीआरबीचा, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, हा पण घ्या, पॉक्सोखालच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या, बलात्काराच्या केसेसमध्ये 90 टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. घरातला, शेजारचा, नात्यातला. हा मेसेज मात्र ग्रुपवर कुणीच टाकत नाही, कारण मग गेट कुणासाठी बंद करणार?

आता "दिसले की पकडा". इथे माझं डोकं फिरतं. 1 जुलै 2018, रविवार, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत फिरत आले होते. त्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला असं कुणाला तरी दिसलं. तेवढ्यावरून जमाव जमला, मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथेच पाचही जणांना ठेचून मारलं. पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरून पोट भरणारी माणसं, अनोळखी गावात जाणं हाच त्यांचा धंदा. त्याच दिवशी मालेगावात एका कुटुंबाला जमावाने धरलं, त्यांच्याबरोबर त्यांचं स्वतःचं दोन वर्षांचं मूल होतं, पोलीस मध्ये पडले म्हणून वाचले. त्याच्या तीनच दिवस आधी त्रिपुरात, अफवांवर विश्वास ठेवू नका असं लाऊडस्पीकरवरून सांगायला सरकारनेच नेमलेल्या माणसाला जमावाने मुलं पळवणारा समजून मारून टाकलं. 2020 मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तेही पोलीस समोर असताना, आणि तिथेही आधी दिवसेंदिवस चोर फिरतायत, मुलं पळवतायत अशा अफवा होत्या. 2022 मध्ये जत तालुक्यात लवंग्याला पंढरपूरकडे निघालेले चार साधू, त्यांनी काय केलं तर एका मुलाला रस्ता विचारला. ते वाचले, पट्ट्यांनी-काठ्यांनी मार खाऊन.

आणि "पोलीस बातमी दाबतात" हे सोपं वाक्य आहे, ह्याला पुरावा लागत नाही, बातमी आली नाही हाच पुरावा! संशय आला तर 112 ला फोन करा, मुलांसाठी 1098 आहे. फोन करून लांब उभं राहिलं तरी आपलं काम झालं. हात उचलला की मात्र, जात, समाज, भाषा, जन्मठिकाण अशा कारणावरून पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेल्या खुनाला नव्या भारतीय न्याय संहितेत वेगळं कलम आहे, जन्मठेप किंवा फाशी, आणि "मी फक्त व्हिडिओ काढत होतो" ह्यावर कोर्ट काय म्हणेल ते तुम्हीच बघा.

शेवटी सगळे येतात ते ह्यावर, की "खरं असो खोटं असो, सावध राहिलेलं बरं, फॉरवर्ड करायला काय जातंय." काय जातं ते मी काल सकाळी बघितलं. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारी बोहारीण, जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देते, डोक्यावर टोपली आणि कडेवर तिचा धाकटा. वॉचमनने तिला गेटवर थांबवलं. तिसऱ्या मजल्यावरचे एक जण मोबाईल वर धरूनच खाली आले, शूटिंग चालू, आणि तिला विचारतात, "हे मूल कुणाचं?" ती आधी हसली, तिला वाटलं मस्करी चाललीये. मग चार-पाच जण जमले तशी तिने पोराला घट्ट धरलं आणि टोपली खाली ठेवली. मी चपला न घालताच पळत गेले, ओरडले की अहो ओळखते मी हिला, माझ्या घरातली निम्मी पातेली हिची आहेत. कुणीतरी "आधार दाखव म्हणावं" म्हणालं. ती काही न बोलता टोपली उचलून निघून गेली. काही झालं नाही, सगळे पांगले, आणि दहा मिनिटांत ग्रुपवर मेसेज, "संशयित महिला गेटवरून पळाली." पळाली!! माझ्या डोळ्यांदेखत तयार झाली ही बातमी. संध्याकाळपर्यंत ती शेजारच्या दोन सोसायट्यांत पोचली होती.

व्हॉट्सॲपने 2018 च्या प्रकारांनंतरच एका वेळी पाच चॅटपर्यंतच फॉरवर्डची मर्यादा घातली, पुढे दोन बाण असलेला, म्हणजे खूपदा फॉरवर्ड झालेला, मेसेज एका वेळी एकाच चॅटला जाईल असं केलं. आपल्या लोकांनी काय केलं, कॉपी करून नवा म्हणून पेस्ट करायला लागले. आमच्या ग्रुपवरचा पण तसाच आलाय, बाण नाहीत, त्यामुळे तो टाकणाऱ्या सोसायटीतल्या काकांनीच लिहिलाय असं वाटतं. काकांना विचारलं तर म्हणाले मेव्हण्याने पाठवला.

तर काका, राग मानू नका, पण ज्या ग्रुपवर टाकलात तिथेच "तो मेसेज आणि बाईचं ते पळाली वगैरे खोटं होतं" एवढं एका ओळीत टाका, आणि मेव्हण्यालाही पाठवा. हात जोडणारे किती जण तेही फॉरवर्ड करतात ते बघतेच मी.