मेथीचा बैल

पोळ्याला दहा दिवस उरले होते आणि वरून फर्मान आलं: ‘टाकाऊतून टिकाऊ’ उपक्रम घ्या, फोटो पाठवा. असं फर्मान आमच्यापर्यंत पोचतं तेव्हा त्यातला ‘फोटो’ हा एकच शब्द शाबूत असतो. मी ठरवलं, सातवीच्या पोरांकडून कागदाच्या लगद्याचे बैल करून घ्यायचे. आमचं गाव एरंडोल तालुक्यातलं, आणि एरंडोलला एकेकाळी हातानं कागद करायचे. “लगदा आपल्या मातीच्या रक्तात आहे,” मी वर्गात छातीठोकपणे सांगितलं. मातीला रक्त नसतं, असं मागच्या बाकावरून उत्तर आलं.

रद्दीला जुन्या उत्तरपत्रिका होत्या. कात्री लावायची नाही, हातानं फाडायचं, म्हणजे कडेचे तंतू सुटतात आणि कागद लवकर भिजतो. गुरुजी स्वतः ‘फाडा’ म्हणतायत म्हटल्यावर पोरांच्या अंगात आलं. सगळ्यांत आधी गणिताचे पेपर गेले. हजेरीपट मी वेळीच ओढून घेतला.

दोन दिवस भिजवलेला कागद वाटायला मी घरचा मिक्सर नेला. घरी सांगून नेला असता तर पुढचं थोडं सुसह्य झालं असतं. एका उत्तरपत्रिकेची पिन आत राहिली होती. मिक्सरनं जो आवाज काढला, तसा भुसावळच्या यार्डातही मी ऐकलेला नाही. पातं वाकडं झालं. जे भांडं वाचलं, त्यात वाटलेल्या शेवभाजीच्या मसाल्याला आठवडाभर शाईचा वास येत होता. बायकोनं ती भाजी एक शब्द न बोलता वाढली. बोलली असती तर बरं झालं असतं.

लगद्यात मैद्याची खळ, डिंक, खडूची भुकटी आणि मेथी. मेथीनं चिकटपणा येतो, कीडही लांब राहते, असं मी फळ्यावर लिहिलं. ‘दळलेली’ हा शब्द लिहायचा राहिला.

लगदा पिळून घ्यायचा असतो. किती, ते हातालाच कळतं, आणि माझ्या हाताला कळत नव्हतं. प्रार्थनेनंतर उभा केलेला नमुन्याचा बैल मधल्या सुट्टीपर्यंत गुडघ्यांवर आला. शाळा सुटताना त्याचं पोट टेबलभर पसरलं होतं. “सर, हाऊ बैल नही, हाई म्हैस शे,” एकानं निकाल दिला. दुसऱ्या दिवशी मग आत तारेचा सांगाडा घातला, पोटात प्लॅस्टिकची बाटली बसवली, वर सुतळी गुंडाळली आणि थोडा थोडा लगदा थापला. बैल उभे राहिले. म्हैस मात्र माझ्या नावावर राहिली.

आता वाळवणं. मे महिना असता तर प्रश्नच नव्हता. जळगावकडचं ४४-४५ अंशांचं ऊन, दोन दिवसांत बैल कुरडईसारखे खडखडीत. पण पोळा येतो श्रावणाच्या अमावस्येला. बाहेर झड लागलेली, आत पंख्याखाली बैलांची रांग, आणि लाईट गेलेली. चौथ्या दिवशी एका बैलाच्या पाठीवर पांढरं काही दिसलं. बुरशी असेल म्हणून मी पुसायला गेलो, तर ते कोंब निघाले. सहाव्या दिवशी बैल वशिंडापासून शेपटीपर्यंत हिरवागार. बैलाच्या मालकानं घरून मूठभर आख्खी मेथी आणून कालवली होती.

त्याची आजी बघायला आली. तिनं उभ्या आयुष्यात लगद्याच्या कितीतरी टोपल्या थापल्या असतील. तोंडाला पदर लावून ती हसली. “गुरुजी, मेथी दयीसन टाकतस, पेरतस नही!” जाताना विचारलंन्, भाजी कधी खुडायची.

तेवढ्यात केंद्रप्रमुख आले. बाकीच्या अकरा बैलांकडे त्यांनी पाहिलंही नाही. हिरव्या बैलापुढे मात्र चष्मा लावून पाच मिनिटं उभे राहिले आणि शेरेबुकात लिहिलं, ‘बीजांकुरणाचा प्रयोग उत्तम.’

त्या बैलाचे फोटो विज्ञानाच्या मॅडमनी पाठवले. कलेच्या खात्यात म्हशीचा गेला.