जॅक केलीवरच्या लेखाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी उठून पुन्हा वाचली. एक अक्षरही न गाळता ती लेखाखाली ठेवली आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९२०च्या ऑलिंपिकमधली सिंगल स्कल्सची, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी होडी मारायची, अंतिम शर्यत २८ ऑगस्टला झाली असं मी लिहिलं, ती २९ला झाली. ती जिंकणाऱ्या अमेरिकेच्या जॅक केलीला त्याच वर्षी इंग्लंडमधल्या हेन्ली रेगाटा या होड्यांच्या स्पर्धेने आपल्या डायमंड स्कल्स या एकेरी शर्यतीत घेतलं नाही ते त्याच्या क्लबवरच्या बंदीमुळे; तो गवंडी होता म्हणून, ही दंतकथा. ऑलिंपिकमध्ये दुसऱ्या आलेल्या इंग्लंडच्या जॅक बेरेसफर्डला मी दोन ओळींत उरकलं. आणि शेवटी हे: "लेखकाने आयुष्यात कधी वल्हं हातात धरलंय असं वाटत नाही, नुसतं भावनेच्या भरात लिहिलंय."

तारखेचं तुमचं बरोबर आहे. २९ ऑगस्ट. चूक माझी, आभार मानतो.

आता वल्ह्याचं. चारचौघांत कुणाला असं विचारायची ही रीत नव्हे. तुम्हाला शंका होती तर दोन ओळींची मेल पाठवायची, मी उत्तर दिलं असतं. आता इथे विचारलंत, तर इथेच ऐका.

कॉलेजची चार वर्षं मी पुण्यात मुळेवर रोइंग केलं, त्यातली शेवटची दोन सिंगल स्कलवर. पहाटे साडेपाचला होडी खांद्यावर घेऊन पाण्यात उतरायचो. जिथे जायचं तिकडे पाठ, दोन्ही हातांत एकेक वल्हं, आणि चूक झाली तर बोट दाखवायला होडीत दुसरं कुणी नाही. प्रत्येक स्ट्रोकला दोन्ही मुठी पोटासमोर एकमेकींवरून जातात. नवख्याच्या डाव्या हाताची नखं उजव्या हाताची पेरं सोलून काढतात. थंडीत त्यावर नदीचं पाणी लागलं की काय होतं ते कुठल्याही पुस्तकात वाचून कळत नाही. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर ते पांढरे वण आजही आहेत.

आणि माझे वडील गवंडी होते. सिमेंटने खाल्लेली बोटं, अंगठ्याच्या बेचक्यात थापीने पडलेला घट्टा. रात्री जेवताना आमटी त्या भेगांत झोंबायची म्हणून ते भात चमच्याने खायचे. एका शर्यतीनंतर पाहुणे म्हणून आलेल्या एका गृहस्थांनी माझा तळवा उलटा करून पाहिला आणि हसत विचारलं, "काय रे, गवंडीकाम करतोस का?" भोवतालचे सगळे हसले. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा राग मला पंचवीस वर्षांनी आजही येतो, आणि केलीवर मी लिहितो ते त्यामुळेच. याला तुम्ही भावनेचा भर म्हणणार असाल तर खुशाल म्हणा.

पण त्या भरात मी नियम वाचायचा सोडला नाही. हेन्लीच्या त्या काळच्या व्याख्येनुसार मजुरी घेऊन मेकॅनिक, कारागीर किंवा मजूर म्हणून कधीही काम केलेला माणूस हौशी खेळाडू ठरत नव्हता, आणि शर्यत फक्त हौशींसाठी होती. 'कधीही' हा शब्द नीट वाचा. पोरवयात चार महिने विटा रचल्या तरी जन्मभराचा डाग. केलीच्या क्लबवर, फिलाडेल्फियाच्या व्हेस्परवर, हेन्लीने १९०६ साली बंदी घातली होती, हे मी लेखात लिहिलेलंच आहे. तुम्ही तो परिच्छेद गाळून पुढे गेला असाल. १९२०च्या जूनमधल्या समितीच्या इतिवृत्तात पहिलं कारण ती बंदी आहे, हे मला मान्य. पण त्याच नोंदीत पुढे लिहिलंय की केली अंगमेहनतीच्या कामाच्या नियमाखालीही पात्र नाही. क्लबचं कारण पुरेसं होतं तर हे दुसरं लिहायची गरज कुणाला वाटली? अर्धी नोंद वाचून दुसऱ्याच्या लेखाला दंतकथा म्हणू नये.

दंतकथा गाळायची समज मलाही आहे. जिंकल्यावर केलीने आपली घामट हिरवी टोपी इंग्लंडच्या राजाला पाठवली, ही गोष्ट सगळीकडे सापडते. तिचा भरवसा नाही, म्हणून मी ती घेतली नाही. हे तुमच्या लक्षात आलं नसावं.

बेरेसफर्डचा मला आदरच आहे. त्या वर्षीची डायमंड स्कल्स त्यानेच जिंकली होती. १९२० ते १९३६ अशा लागोपाठ पाच ऑलिंपिकमध्ये त्याने पदकं मिळवली. त्याच्यावर कधीतरी वेगळं लिहीन, पण हा लेख केलीचा होता. ब्रसेल्सजवळच्या कालव्यात केली त्याच्यापुढे फक्त एका सेकंदाने होता, आणि शर्यत संपल्यावर दोघांना हात मिळवण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. अर्ध्या तासाने केली चुलतभाऊ पॉल कॉस्टेलोबरोबर दोघांच्या होडीच्या शर्यतीला, डबल स्कल्सला, बसला आणि तेही सुवर्ण घेऊन आला. हेन्लीच्या हिशेबात हा माणूस त्यांच्या शर्यतीत उतरायच्या लायकीचा नव्हता.

हा नियम १९३७ साली गेला. त्याआधीच्याच वर्षी बर्लिन ऑलिंपिकला निघालेल्या ऑस्ट्रेलियाच्या आठ जणांच्या चमूलाही हेन्लीने परत पाठवलं होतं, कारण ते पोलीस होते. केलीचा मुलगा १९४७ साली तीच डायमंड स्कल्स जिंकून आला.

तुम्ही विचाराल, शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजांच्या नियमाचं आपल्याला काय? चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ला रिओत सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला. सैन्यात जाण्याआधी तो विहिरी खोदायचा, दगड फोडायचा. त्या नियमाने दत्तूला स्टार्टलाही उभं केलं नसतं. त्या वेळी मी टीव्हीसमोर उभा राहून शर्यत पाहिली, आणि वडील असायला हवे होते असं वाटलं.

लेखातली तारीख बदलली आहे. बाकी मजकूर होता तसाच आहे आणि तसाच राहील. इतिवृत्ताच्या नोंदीबद्दल काही बोलायचं असेल तर जरूर लिहा. माझ्या हातांबद्दलची प्रतिक्रिया मात्र पुन्हा आली तर छापणार नाही.