सांडपाणी बोअरमध्ये सोडणं म्हणजे जलपुनर्भरण नव्हे

"सेप्टिक टँकवर पैसे घालवू नका. चार फुटी खड्डा खणा, दगड भरा, संडास-बाथरूमचं सगळं पाणी त्यात सोडा. माती सगळं शुद्ध करते. बंद बोअर असेल तर उत्तमच, थेट तिला जोडा, जलपुनर्भरण होईल. वर्षातून एकदा गूळ-ताकाचं कल्चर टाका, आयुष्यभर उपसा नाही."

हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. परवा तो मामांपर्यंत पोचला आणि त्यांनी परसातल्या बंद बोअरसाठी पाईपसुद्धा आणून ठेवला. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी बोअरचंच बोलू. बाकीच्या चुकांनी फार तर अंगणात पाणी तुंबेल, या चुकीने आळीतल्या सगळ्यांचं पिण्याचं पाणी नासेल. माती पाणी शुद्ध करते हे खरं, पण कुठली माती? खड्ड्याच्या भिंतीलगत जिवाणूंचा चिकट थर धरतो, तो बारीक घाण अडवतो. त्यापुढच्या मातीत कणांभोवती पाण्याचा पातळ पदर आणि मधल्या फटींत हवा असते. तिथले जिवाणू घाण खातात, रोगजंतू कणांना चिकटून मरतात. हे सगळं घडतं ते भूजलाच्या वरच्या, हवा खेळणाऱ्या मातीत. बोअर नेमका तोच थर टाळून खाली जाते. वरच्या मातीच्या थरात केसिंग म्हणजे पाण्याला अडवणारा पाईप, खाली बेसॉल्टचा काळा कातळ. खडकाच्या भेगांतून पाणी गाळलं जात नाही, नुसतं वाहतं. शेजारची बोअर त्याच भेगेवर असेल तर तुमचा संडास तिच्या नळाला आला म्हणून समजा.

शिवाय मलमूत्रातल्या नत्राचं नायट्रेट होतं आणि ते चांगल्या मातीतही फारसं अडत नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. जास्त नायट्रेट तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतं. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं.

"चार फुटी खड्डा" सगळीकडे चालतो म्हणे! सेप्टिक टँकबद्दलच्या भारतीय मानक २४७०, भाग २ (१९८५) मध्ये माती किती पाणी जिरवते याची चाचणी दिलेली आहे आणि ती कुणालाही घरी करता येते. जिथे शोषखड्डा (पाणी जिरवायचा खड्डा) घ्यायचा तिथे त्याच खोलीपर्यंत १० ते ३० सेंमी रुंदीचं भोक घ्या. बाजू खरवडून तळाशी ५ सेंमी जाड रेती टाका. पाणी भरून रात्रभर मुरू द्या. सकाळी रेतीवर १५ सेंमी पाणी ठेवा आणि ३० मिनिटांत किती उतरतं ते मोजा. त्यावरून २५ मिमी उतरायला किती मिनिटं लागतात ते काढा. २०४ ला त्या मिनिटांच्या वर्गमुळाने भागलं की एक चौरस मीटर भिंत दिवसाला किती लिटर जिरवेल ते कळतं.

अर्ध्या तासात ४७ मिमी उतरलं तर २५ मिमीला १६ मिनिटं, म्हणजे चौरस मीटरला ५१ लिटर. पाच माणसांचं ४०० लिटर धरलं तर ७.८ चौरस मीटर भिंत लागते. चार फुटी खड्ड्यात पाइपाच्या तोंडाखाली ती जेमतेम ४.३ भरते. मोकळ्या मुरमात चार मिनिटं लागली तर मात्र ३.९ पुरते. ३० मिनिटांपुढे गेलात तर शोषखड्डा घेऊच नका. काळ्या मातीत हेच होतं: ती भिजली की फुगते आणि फटी मिटतात. उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीत चाचणी करून "छान जिरतंय" म्हणणारे जुलैत रडतात.

भूजल १८० सेंमीच्या आत असेल तरी खड्डा नको, भराव करून वर चर घ्यावे लागतात. कोकणात ही पातळी पावसाळ्यातच बघा. तिथल्या जांभ्यात पोकळ्या असतात, त्यामुळे "पाणी झटकन जिरतं" ही तिथे आनंदाची गोष्ट नाही. विहिरीपासून किमान १८ मीटर, घरापासून ६ मीटर.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. फक्त मोरी-न्हाणीच्या पाण्याला सेप्टिक टँक लागत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं आणि डास हटवले, ते खरंच आहे. पण तिथेही खड्ड्याच्या मधोमध भोकं पाडलेली टाकी असते, गाळ तिच्यात बसतो आणि ती साफ करावी लागते. खरकट्याला जाळी नसेल तर तेल-साबणाचा काळा थर दगडांवर बसतो आणि खड्डा तुंबतो. संडासाचं पाणी मात्र आधी सेप्टिक टँकमधूनच गेलं पाहिजे.

कल्चरबद्दल फार लिहीत नाही. सेप्टिक टँकमध्ये जिवाणू आपोआपच असतात. वाळू, राख आणि न कुजणारा गाळ कुठलंही ताक खात नाही. दोन-तीन वर्षांनी उपसला नाही तर तो वाहत शोषखड्ड्यात जातो, मग सगळे दगड काढून धुवावे लागतात. उपसा सक्शन टँकरनेच करा, माणूस आत उतरवू नका. आतल्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूने क्षणात शुद्ध हरपते, आणि सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हाही आहे.

मामांनी आणलेला पाईप वाया जाणार नाही. तो गच्चीच्या पन्हळीला जोडा, मध्ये खडी-वाळूची गाळणी बसवा, पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर जाऊ द्या, आणि मग बोअरमध्ये सोडा.